रेघेवर क्रियापद हवं

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

‘अर्थनकाशा’ या एका शब्दाखाली हल्ली बरंच काही येतं. शाळेतली संकल्पनाचित्रं, भाषाशास्त्रातले प्रत्ययांचे नकाशे, संगणकाने मांडलेले शब्दांचे ठिपके, घर झाडणाऱ्या यंत्राने काढलेला हॉलचा आराखडा, सगळं त्यात मोडतं. गेल्या अंकात आम्ही या विषयावर प्रश्न मागवले होते. त्यातले सहा इथे घेतले आहेत.

सातवीच्या वर्गाकडून संकल्पनाचित्रं काढून घेते. मधे मोठा गोल, भोवती दहा-बारा छोटे गोल, सगळे रेघांनी जोडलेले. दिसतं छान, पण मुलांना काय कळलंय ते त्यावरून समजत नाही. तपासायचं कसं? — शिक्षिका, परळ

तुमची मुलं काढतात तो माइंड मॅप. तो आठवणीला बरा, पण समज तपासायला निरुपयोगी, कारण त्यातली रेघ मुकी असते. ‘तलाव’ आणि ‘नळ’ यांच्यात नुसती रेघ ओढणाऱ्या मुलाला त्या दोघांचा संबंध माहीत असेलही आणि नसेलही. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात संकल्पना-नकाशा ही पद्धत बसवली. तिचा मुख्य नियमच असा की प्रत्येक रेघेवर शब्द हवेत, आणि चौकट-रेघ-चौकट मिळून एक पूर्ण विधान झालं पाहिजे, खरं किंवा खोटं ठरवता येईल असं.

मराठीत इथे एक अडचण येते आणि बहुतेक वर्ग तिथेच अडतात. इंग्रजीत क्रियापद मधे येतं, त्यामुळे चौकट, रेघ, चौकट या क्रमाने वाचलं की वाक्य तयार. आपलं क्रियापद शेवटी. मग मुलं रेघेवर ‘जातं’ एवढंच लिहितात आणि वाक्य होतं ‘भातसा जातं पांजरापूर’ (भातसा हे धरण, पांजरापूर हे पाणी शुद्ध करण्याचं केंद्र). उपाय सोपा आहे: रेघेवर क्रियापदासोबत दोन्ही प्रत्ययही लिहायला लावा आणि चौकटींच्या जागी आडव्या खुणा ठेवा. ‘—चं पाणी —ला शुद्ध होतं’. वाचताना आधी पहिली चौकट, मग दुसरी, मग क्रियापद: भातसाचं पाणी पांजरापूरला शुद्ध होतं. सामान्यरूप मुलं बोलताना आपोआप करतात, चौकटीत मात्र शब्द मूळ रूपातच राहू द्या.

मुंबईच्या पाण्यावर हा तास घेऊन बघा. सुरुवात विषयाने नको, प्रश्नाने करा. ‘मुंबईचा पाणीपुरवठा’ हा विषय झाला. ‘नळाच्या पाण्याचा आणि मिठी नदीचा काही संबंध आहे का?’ हा प्रश्न. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक कार्डशीट आणि चिकटचिठ्ठ्या द्या, आणि पंधरा शब्द फळ्यावर लिहा: पाऊस, पाणलोट क्षेत्र, तानसा, भातसा, विहार, पवई, भांडुप संकुल, पांजरापूर, क्लोरीन, मलबार हिलचा जलाशय, सोसायटीची टाकी, पंप, नळ, मिठी नदी, माहीमची खाडी. वीसच्या वर शब्द नेऊ नका, पस्तीस मिनिटांत आवरत नाही. पहिली दहा मिनिटं नुसत्या चिठ्ठ्या हलवायच्या, पेन हातात घ्यायचंच नाही. रेघा त्यानंतर. शेवटची पाच मिनिटं शेजारच्या गटाने चित्र मोठ्याने वाचायचं. जिथे वाचणारा अडखळतो तिथे चूक आहे, तुम्हाला शोधावी लागत नाही.

आता या चित्रातली खरी परीक्षा. तानसा (धरण)–भांडुप (शुद्धीकरण केंद्र)–टाकी–नळ ही साखळी सगळेच काढतील. ‘विहार’ ही चिठ्ठी मात्र दोन्हीकडे लागते: विहारचं पाणी नळाला येतं, आणि विहार ओसंडला की तेच पाणी मिठीत जातं. पवईही ओसंडून मिठीतच जातो, पण त्याचं पाणी पिण्याला नाही. एका साखळीतून दुसरीत नेणाऱ्या या आडव्या जोडण्या ज्या गटाने केल्या त्याला धडा कळला. नोव्हाक आणि गोविन यांनी १९८४मध्ये मांडलेल्या गुणपद्धतीत खऱ्या विधानाला १, श्रेणीच्या (वर व्यापक शब्द, खाली बारीक) प्रत्येक पातळीला ५, अर्थपूर्ण आडव्या जोडणीला १० आणि उदाहरणाला १ गुण आहे. आमच्या मते सातवीसाठी आडव्या जोडणीचे ५ पुरेत, नाहीतर मुलं गुणांसाठी वाटेल तिथून वाटेल तिथे रेघा मारतात. ‘—शी संबंधित आहे’ असं लिहिलेल्या रेघेला शून्य. आणि चौकटीत अख्खं वाक्य कोंबलं असेल तर ते फोडून दोन चौकटी आणि एक रेघ करायला सांगा.

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मराठी ‘ला’ प्रत्ययाचा अर्थनकाशा काढायचा आहे. अर्थांची यादी केली तर ती वाढतच जाते. कुठे थांबायचं आणि ठिपके जोडायचे कशाच्या आधारावर? — विद्यार्थी, कालिना

शाळेत आपण ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकलं आणि द्वितीया-चतुर्थीचे प्रत्यय एकच कसे, हा प्रश्न गुरुजींना विचारायचा राहून गेला. तुमचा नकाशा त्याच प्रश्नाचं उत्तर आहे: प्रत्ययाच्या प्रत्येक अर्थाला एक ठिपका, आणि जवळच्या अर्थांमध्ये रेघ.

यादी कधी थांबवायची याचा नियम असा: एखादा अर्थ वेगळा ठिपका म्हणून तेव्हाच घ्यायचा, जेव्हा निदान एका भाषेत त्याच्यासाठी वेगळं रूप वापरतात. ‘बहिणीला पुस्तक दिलं’ आणि ‘बहिणीला निरोप दिला’ यांत भेद वाटला तरी तो कुठल्याच भाषेने दाखवला नाही तर ठिपका एकच. या चाळणीतून मराठी ‘ला’चे साधारण असे अर्थ उरतील:

पुण्याला गेलो (दिशा). बहिणीला पुस्तक दिलं (घेणारा). मला भूक लागली (अनुभवणारा). मुलाला पाहिलं (प्राणिवाचक कर्म). भाजी आणायला गेला (हेतू). दिवाळीला येईन (वेळ). किलोला साठ रुपये (दर). तिला दोन भाऊ आहेत (नातं).

‘गेला’, ‘आला’ यांतला ‘ला’ भूतकाळाचा आहे, त्याचा इथे संबंध नाही. हसू नका, कॉर्पसमधून (संगणकावरच्या मजकुराच्या साठ्यातून) शब्दांत ‘ला’ शोधून निघालेल्या याद्यांत हे हजारोंनी येतात. ‘घरी गेलो’ हेही टिपून ठेवा, कारण ‘घराला गेलो’ कोणी म्हणत नाही. म्हणजे दिशेचा ठिपका मराठीत पूर्ण ‘ला’कडे नाही.

जोडण्यांचा आधार म्हणजे इतर भाषा. कल्पना अशी की एका रूपाने व्यापलेले ठिपके नकाशावर सलग असले पाहिजेत, मधे खड्डा नको. विल्यम क्रॉफ्ट यांनी २००१मध्ये हे सलगतेचं गृहीतक नावासकट मांडलं, आणि मार्टिन हास्पलमाथ यांच्या २००३च्या लेखातला चतुर्थीचा नकाशा तुम्हाला सुरुवातीला समोर ठेवता येईल. इंग्रजी ‘टू’ हेतू, दिशा आणि घेणारा व्यापतो. म्हणून हेतू–दिशा–घेणारा ही ओळ. गुजराती ‘ने’ घेणारा, अनुभवणारा आणि प्राणिवाचक कर्म व्यापतो, म्हणजे हे दोन घेणाऱ्याच्या बाजूला. (मुंबईत मराठी ‘ने’ आणि गुजराती ‘ने’ एकाच दुकानात ऐकू येतात, तक्त्यात मात्र भाषेचं नाव लिहिल्याशिवाय ‘ने’ लिहू नका.) कन्नड ‘गे’ दिशा, घेणारा, अनुभवणारा, वेळ आणि दर असं बरंच व्यापतो, पण कर्मासाठी त्यांच्याकडे ‘अन्नु’ हा वेगळा प्रत्यय आहे. म्हणून कर्म हे टोक ठरतं, मधला थांबा नाही.

गाडी अडकते ती हिंदी ‘को’पाशी. ‘राम को दिया’, ‘राम को देखा’, ‘राम को भूख लगी’ हे तिन्ही व्यवस्थित सलग. ‘रात को आया’ हा वेळेचा अर्थही आहे. पण ‘पुणे गया’ इथे ‘को’ नाही. वेळेचा ठिपका तुम्ही दिशेला टांगला असेल तर ‘को’ घेणाऱ्यावरून उडी मारून वेळेवर जातो आणि दिशेवर खड्डा पडतो. अशा वेळी क्रम पाळा. आधी माहिती पुन्हा तपासा: हिंदीत ‘घर को लौटा’ चालतं, म्हणजे खड्डा पूर्ण रिकामा नाही. मग दिशेचा ठिपका फोडून बघा: नेहमीच्या गावाला जाणं आणि एखाद्या दिशेने निघणं असे दोन अर्थ करता येतात का. आणि तरीही जमलं नाही, तरच वेळ–घेणारा अशी नवी रेघ. बहुतेक प्रबंधिकांत हा क्रम उलटा होतो, रेघ आधी ओढली जाते. सगळ्यांना सगळ्यांशी जोडलेला नकाशा कुठल्याच भाषेला अडवत नाही, आणि म्हणून काही सांगतही नाही.

भाषा किमान दहा-बारा घ्या आणि सगळ्या आर्यकुळातल्या नकोत. दराचा ठिपका कन्नडच्या एका उदाहरणावर वेळेला जोडू नका. आणखी दोन भाषा मिळेपर्यंत तो तुटक रेघेने दाखवा.

मराठीचे तयार शब्द-सदिश (प्रत्येक शब्दासाठी आकड्यांची एक रांग) उतरवून चारशे शब्दांचा नकाशा काढला. ‘आंबा’ आणि ‘फणस’ जवळ आले ते पटलं, पण ‘चांगला’ आणि ‘वाईट’ही शेजारीशेजारी. शिवाय ‘मुंबई’ चार ठिकाणी. माझं कुठे चुकलं? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विक्रोळी

पहिल्या बाबतीत कुठेच नाही. हे सदिश शब्दाचा अर्थ बघत नाहीत, शेजार बघतात. ‘चांगला मुलगा’, ‘वाईट मुलगा’. ‘चांगला अनुभव’, ‘वाईट अनुभव’. दोघांचा शेजार एकच, म्हणून जागाही जवळची. या नकाशात अंतर मिळतं, नातं मिळत नाही. तुमच्या कामाला विरुद्धार्थ, प्रकार, भाग असं नावाचं नातं हवं असेल तर पवईच्या आयआयटीत तयार झालेलं मराठी वर्डनेट वापरा. तिथे समानार्थी शब्दांचा संच, त्याची व्याख्या, उदाहरण आणि इतर संचांशी नाव असलेले संबंध असतात. ते हिंदी वर्डनेटवरून विस्तारत नेलेलं आहे, त्यामुळे अस्सल मराठी छटा कधी कधी निसटतात. तपासून घ्या.

‘मुंबई’ चार ठिकाणी आली ती ‘मुंबईत, मुंबईला, मुंबईचा, मुंबईहून’ म्हणून. फास्टटेक्स्ट हा सदिश बनवणारा प्रोग्राम शब्दाचे तुकडे बघतो, त्यामुळे ही रूपं फार लांब जात नाहीत, पण एकही होत नाहीत. नकाशा काढण्याआधी मूळ रूपावर आणा किंवा निदान एकच रूप ठेवा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मराठीत ती हमखास नडते. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक स्वतंत्र चिन्ह, आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण हे जुळवत नाही, बदलण्याची ओळ तुम्हाला स्वतः लिहावी लागते. याच्या उलट धोका अदृश्य जोडचिन्हाचा. साफसफाई करताना मजकुरातली सगळी अदृश्य चिन्हं उडवली की ‘दर्‍या’ मधला आडवा रफार जातो आणि उरतो ‘दर्या’. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो. म्हणून आधी रफाराचं ते रूप ‘ऱ्य’मध्ये बदला, मगच चिन्हं काढा.

तीनशे मितींचा दोन मितींत चपटा केलेला नकाशा वाचताना गटांमधल्या मोकळ्या जागेवर विश्वास ठेवू नका. टी-एसएनई ही असा चपटा नकाशा काढण्याची २००८ची पद्धत जवळचे शेजारी जपते, लांबची अंतरं नाही. परप्लेक्सिटी (साधारण किती शेजारी धरायचे तो आकडा) ५, ३० आणि ५० ठेवून, दर वेळी वेगळ्या बीजाने (सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्याने), तीनदा चालवा. तिन्ही वेळा एकत्र राहिले तेवढेच गट खरे.

घर झाडणाऱ्या रोबोच्या ॲपमध्ये आमच्या वन बीएचकेला एक जास्तीची खोली दिसते आणि हॉल-स्वयंपाकघर एकच दिसतं. मशीन खराब आहे का? — बोरिवली

मशीन ठीक आहे. जास्तीची खोली म्हणजे तुमच्या कपाटाचा आरसा.

लेझरवाला रोबो आधी चौकोनांचा नकाशा काढतो. चौकोन साधारण ५ सेंटिमीटरचा धरला तर दहा बाय बाराच्या खोलीचे चार हजारांवर चौकोन होतात, आणि प्रत्येकाची नोंद तीनच प्रकारची: मोकळा, भरलेला, माहीत नाही. आरशावरून किरण उलटला की यंत्राला समोरच्याच खोलीची जागा आरशाच्या पलीकडे दिसते. काचेचं दार असेल तर किरण आरपार जातो आणि बाल्कनी घरात येते. रोबोच्या डोक्यावरच्या गोल टोपीच्या मध्यापर्यंत जमिनीपासून उंची मोजा, बहुधा ९-१० सेंटिमीटर भरेल. तेवढ्या उंचीवर आरशाला कागदी चिकटपट्टी आडवी लावा, जुना नकाशा पुसा, सगळी दारं उघडी ठेवून पहिली फेरी पूर्ण होऊ द्या. मधेच उचलून दुसरीकडे ठेवू नका, भिंती दुहेरी निघतात. नवा नकाशा जमला की पट्टी काढली तरी चालते, फक्त ॲपमध्ये आरशापुढे मनाई-रेषा ओढा.

खोल्या तो दाराच्या अरुंदपणावरून ओळखतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चौकट नसून नुसती मोकळी कमान असेल तर त्याला एकच खोली वाटणार. ती रेघ ॲपमध्ये हाताने ओढायची आणि नाव द्यायचं. ‘स्वयंपाकघर’ हे नाव यंत्राला कळत नाही, ते तुम्हीच सांगायचं असतं.

आमच्या वाचनालयातर्फे दक्षिण मुंबईतल्या जागांच्या जुन्या-नव्या नावांची नोंद करतो आहोत. एक्सेलमध्ये ‘जुनं नाव’ आणि ‘नवं नाव’ असे दोन रकाने केले, पण महिन्याभरात सगळा गुंता झाला. — गिरगाव

गुंता दोन रकान्यांमुळेच झाला. नावं दोनच असतात असं कोण म्हणतं? व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७मध्ये त्यात ‘महाराज’ आलं, आणि टॅक्सीवाला आजही ‘व्हीटी’च म्हणतो. जागा एक, नावं चार, त्यातलं बोलीतलं नाव संपलेलंच नाही.

प्रत्येक जागेला आधी बिनअर्थाचा क्रमांक द्या, समजा ‘जागा-०१७’. मग एका ओळीत एकच विधान, सहा रकान्यांत: जागा, संबंध, मूल्य, पासून, पर्यंत, आधार. ‘जागा-०१७ | अधिकृत नाव | छत्रपती शिवाजी टर्मिनस | १९९६ | २०१७ | …’. पुढच्या ओळीत ‘जागा-०१७ | बोलीतलं नाव | व्हीटी’ आणि ‘पर्यंत’चा रकाना रिकामा. एल्फिन्स्टन रोडचं जुलै २०१८मध्ये प्रभादेवी झालं तेही असंच. २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या कुटुंबातला खुला माहितीसाठा, याच तत्त्वावर चालतो. तिथे मुंबईची ओळख ‘क्यू ११५६’ आहे. बॉम्बे, बंबई, मुंबई ही त्या क्रमांकाला लावलेली लेबलं. क्रमांकात वर्ष किंवा वॉर्ड घालायचा मोह होईल, तो टाळा. वॉर्ड बदलतात, मग क्रमांक खोटा बोलू लागतो.

धोबी तलावासाठी दोन नोंदी करा: बुजवलेला तलाव एक, आणि आजचा परिसर दुसरा. मधे संबंध ‘—चं नाव —वरून पडलं’. दादर टीटीचंही (ट्राम टर्मिनस) तसंच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, टर्मिनस गेलं, नाव बसच्या पाटीवर राहिलं. वस्तू संपली आणि नाव जिवंत, हे दोन रकान्यांत दाखवताच येत नाही.

संबंधांची यादी आधी ठरवा, आठ-दहाच ठेवा, आणि प्रत्येकापुढे लिहा की तो पुढे चालतो का. ‘मध्ये आहे’ चालतो: चौपाटी गिरगावात, गिरगाव मुंबईत, म्हणून चौपाटी मुंबईत. ‘शेजारी आहे’ चालत नाही: मरीन लाइन्सशेजारी चर्नी रोड, चर्नी रोडशेजारी ग्रँट रोड, पण मरीन लाइन्सशेजारी ग्रँट रोड नाही. नुसतं ‘आहे’ हा संबंध ठेवूच नका. ‘चाळ ही इमारत आहे’ आणि ‘ही वास्तू चाळ आहे’ यातला पहिला ‘आहे’ प्रकार सांगतो, दुसरा उदाहरण. दोन्ही एकाच नावाने भरले की शोध घेताना ‘चाळ’ नावाची एक इमारत यादीत येऊन बसते.

गिरणगावासारख्या परिसराला हद्द आखू नका. मध्यबिंदू द्या आणि ‘—चा भाग मानला जातो’ या संबंधाने लालबाग, परळ, काळाचौकी जोडा, आधारासकट.

दादर स्थानकाचा असा नकाशा करायचा आहे की व्हीलचेअरवरच्या आणि दृष्टिहीन प्रवाशाला त्यावरून वाट काढता येईल. आम्ही पाच जण आहोत, ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशावर) थोडंफार काम केलं आहे. सुरुवात कुठून? — दादर पश्चिम

दादरची गंमत अशी की डिसेंबर २०२३पर्यंत तिथे दोन ‘एक नंबर’ होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्यचा. मग पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. ज्यांनी नकाशात नंबरालाच ओळख मानलं त्यांना सगळं पुन्हा काढावं लागलं. ज्यांच्याकडे प्लॅटफॉर्म ही वस्तू होती आणि नंबर हा तिच्यावरचा टॅग, त्यांनी एक ‘रेफ’ (नंबराचा टॅग) बदलला आणि विषय संपला. वरच्या गिरगावच्या उत्तरातलाच हा नियम.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बिंदू, वाट आणि संबंध या तीन गोष्टींवर टॅग लागतात. (टॅग रोमन लिपीतच टाइप करायचे, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) तुमच्या कामाला लागणारे फार नाहीत: जिन्याला ‘हायवे=स्टेप्स’, सोबत ‘स्टेप_काउंट’ आणि ‘हँडरेल’; पुलाला ‘हायवे=फुटवे’ आणि ‘ब्रिज=येस’; सरकत्या जिन्याला ‘कन्व्हेइंग’, तो वर जातो की खाली हे दिशेसकट; लिफ्टला ‘हायवे=एलिव्हेटर’; खुणेच्या पिवळ्या लाद्यांना ‘टॅक्टाइल_पेव्हिंग’. दोन बाजूंना दोन नंबर असलेल्या प्लॅटफॉर्मच्या कडा ‘प्लॅटफॉर्म_एज’ म्हणून वेगळ्या काढा आणि प्रत्येक कडेला तिचा नंबर द्या. ‘लेव्हल’ म्हणजे मजला आणि ‘लेअर’ म्हणजे एकावर एक काय दिसतं त्याचा क्रम. या दोघांची गल्लत जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होते. पूल ‘लेव्हल’ १ वर आहे हे प्रवाशाला हवं. ‘लेअर’ फक्त चित्रासाठी.

पाहणी रविवारी सकाळी करा. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर फीत टाकून रुंदी मोजता येणार नाही, कोणी मोजूही देणार नाही. दोघांची जोडी: एक मोजतो, एक लिहितो. प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मधल्या कट्ट्यापर्यंत आणि कट्ट्यानंतर अशा वेगवेगळ्या मोजा. दृष्टिहीन प्रवाशाला एकूण चाळीस सांगण्यापेक्षा ‘अठरा, कट्टा, बावीस’ उपयोगी. कठडा डावीकडे, उजवीकडे की मधे, तेही लिहा. उताराला लांबी आणि उंची दोन्ही मोजा: एक फूट चढायला बारा फुटांपेक्षा कमी लांबी असेल तर व्हीलचेअर एकट्याने नेणं कठीण, तिथे ‘व्हीलचेअर=लिमिटेड’. पिवळ्या लाद्यांत उभ्या रेषांची लादी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा किंवा वळण. कुठे ठिपक्यांची लादी स्टॉलखाली गेली आहे तेही टिपा.

जीपीएसवर विसंबू नका. पत्र्याच्या छताखाली ते दहा-वीस मीटर सहज भरकटतं, म्हणजे पाच नंबरवर उभे असताना तुम्ही सहावर दिसता. प्लॅटफॉर्मची टोकं उपग्रहाच्या चित्रावर स्पष्ट दिसतात, ती धरून बाकीचं खांबांच्या अंतराने बसवा. गुगलचा नकाशा उघडून त्यावरून नावं किंवा जागा उतरवू नका, परवाना तशी मुभा देत नाही.

आता ज्या चुकीमुळे असे नकाशे वाया जातात ती. वाट शोधणारा प्रोग्राम चित्र बघत नाही, बिंदू बघतो. जिन्याची रेघ प्लॅटफॉर्मला टेकलेली दिसते, पण दोघांत एक सामाईक बिंदू नसेल तर त्याच्या दृष्टीने तो जिना हवेत संपतो. याच्या उलट, पूल रुळांवरून जातो तिथे चुकून सामाईक बिंदू पडला तर तो प्रवाशाला पुलावरून थेट रुळांवर उतरवतो. तेव्हा जिन्याचं वरचं टोक पुलाशी, खालचं प्लॅटफॉर्मशी जोडलेलंच हवं. पूल आणि रूळ कधीच नाही. लिफ्ट एक बिंदू म्हणून काढली असेल तर वरची आणि खालची, दोन्ही मजल्यांच्या वाटा त्याच बिंदूवर आल्या पाहिजेत, टॅग ‘लेव्हल=०;१’.

तपासणी अशी करा: पश्चिमेच्या फूलबाजारापासून मध्य रेल्वेच्या एखाद्या प्लॅटफॉर्मपर्यंत पायी वाट मागा, मग तीच वाट व्हीलचेअरसाठी मागा. पहिली वाट टिळक पुलावरून वळसा घालत गेली तर स्थानकातल्या पुलावर कुठेतरी बिंदू सुटला आहे. दुसरी वाट पहिलीसारखीच आली तर एखाद्या जिन्याला ‘स्टेप्स’ऐवजी ‘फुटवे’ लागलं आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी हे दोनदा, जाताना आणि येताना. सरकता जिना एकाच दिशेने चालतो, म्हणून दोन्ही उत्तरं सारखी यायला नकोत.

लिफ्ट आज बंद आहे, ही नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर नको. ती रोजची बाब, तिला वेगळी शीट ठेवा आणि लिफ्टच्या बिंदूचा क्रमांक त्यात लिहा, म्हणजे जोडता येईल. नकाशावर मात्र प्रत्येक जिना, उतार आणि लिफ्टला ‘चेक_डेट’ लावा. दादरला काम कायम चालू असतं. सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली की त्या बिंदूवर पुन्हा एकदा जाऊन पायऱ्या मोजून यायच्या.